रविवारच्या गोल्फला म्हणे नियम कशाला

बोगीबहाद्दर: काल इथे एका काकांनी लिहिलंय, 'रविवारी आपण मजेला खेळतो, नियम टीव्हीवरच्यांना. बॉल सापडेपर्यंत शोधा, मागचे थांबतील.' अहो ते मागचे म्हणजे आम्ही! बिबवेवाडीहून पहाटे पाचला निघायचं आणि चार माणसं झुडपात वाकलेली बघत उभं राहायचं. शोधायला ३ मिनिटं, २०१९ पासून, आधी ५ होती. आणि हेच लोक ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, 'होलमधला झेंडा काढा, बॉल लागला तर पेनल्टी' म्हणून ओरडतात. ती पेनल्टी त्याच २०१९ ला गेली!! म्हणजे गेलेला नियम कवटाळायचा आणि असलेला टीव्हीवरच्यांना.

रफातला_रघू: ते काका मीच. आणि तुम्ही आमच्या डोक्यावरून बॉल मारलात, 'फोर', म्हणजे 'सांभाळा, बॉल येतोय', म्हणून ओरडायला तोंड नव्हतं का? आधी ते शिका, मग मिनिटं मोजा. नवा कोरा बॉल होता, असा कसा सोडू?

बोगीबहाद्दर: फोरचं चुकलं, मान्य. पण बॉलचा एवढा जीव आहे तर शोधायला जायच्या आधीच प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला हरवलाच तर म्हणून राखीव बॉल, मारून ठेवायचा ना. आणि 'प्रोव्हिजनल' असं तोंडाने म्हणायचं, नुसता खिशातून काढून मारलात तर तोच खेळातला बॉल, पहिला सापडला तरी गेला.

बाणेरची_बर्डी: माझं वेगळंच दुखणं. मी तयार असते, पण 'लांब असेल त्याचा मान' म्हणत साहेब पाच वेळा हवेत क्लब फिरवतात. स्ट्रोकप्लेत, म्हणजे एकूण फटके मोजतात त्या खेळात, जो तयार त्याने मारावं असं नियमांच्या पुस्तकातच म्हटलंय. मी मारला की तोंड वाकडं.

कोथरूडकर१८: हे सगळं राहू द्या, माझा फेअरवेवर थांबलेला बॉल कुत्र्याने उचलून नेला, चौघांच्या देखत! पार्टनर म्हणे लॉस्ट बॉल, परत जा. एक फटका वाढला आणि पायपीट झाली ती वेगळीच.

बोगीबहाद्दर: फसवलं तुम्हाला. कुत्र्याने नेला हे नक्की माहीत असेल तर पेनल्टी नाही, अंदाजे त्याच जागी दुसरा ठेवायचा. ठेवायचा, टाकायचा नाही.

कोथरूडकर१८: दोन वर्षं झाली हो त्याला 😡 त्या दिवशीची मिसळ पण मीच दिली

पेठी_पटर: पण कुत्री कोर्सवर येतातच कशी? आमच्या सोसायटीत एक बाई रोज सकाळी बिस्किटं टाकतात, आता गेटवर सात झाली, रात्री गाडी लावून घरापर्यंत जायची सोय नाही.

बाणेरची_बर्डी: मीही टाकते बिस्किटं. नसबंदी झालेली आहेत, कुणाला चावलेली नाहीत. तुमच्या गाडीखाली झोपतात म्हणून एवढा त्रास?

पेठी_पटर: चावल्यावर बोलायचं का मग?? माझ्या आईला चार इंजेक्शनं घ्यावी लागली. तुम्ही याल दवाखान्यात?

बाणेरची_बर्डी: आईंचं वाईट वाटलं. पण माझी कुत्री बाणेरला आहेत, तुमच्या पेठेत नाही.

रफातला_रघू: हा धागा गोल्फचा आहे का महापालिकेचा? बरं, झेंड्याचं माझं चुकत होतं, आता राहू दे उभा, बांधून ठेवा हवा तर. ३ मिनिटंही लावतो घड्याळ. पण बहाद्दर, काल तुम्ही दोन फुटांवरून 'दिला समजा' म्हणत बॉल उचललात, तो कुठल्या नियमात?

बोगीबहाद्दर: मॅचप्लेत, म्हणजे एकेक होल जिंकायच्या खेळात, समोरचा शेवटचा फटका न मारताच देऊ शकतो.

रफातला_रघू: काल मेडल होतं, म्हणजे स्ट्रोकप्ले. आणि समोरचा मी होतो, मी दिला नव्हता.