शब्दचर्चा : सर्व्हल 'दबा' धरतो का?

प्राजक्ता : आफ्रिकेतल्या प्राण्यांवरच्या एका माहितीपटाचं मराठी निवेदन लिहितेय. सर्व्हल, म्हणजे आफ्रिकेतलं एक रानटी मांजर, उंच गवतात उंदीर पकडतो, तिथे मी 'दबा धरून बसतो आणि झेप घेतो' असं लिहिलं. खटकतंय. आणि सर्व्हलला 'शशकर्ण' म्हटलं तर?

बोरू : शशकर्ण नको, तो कॅराकल, वेगळंच रानटी मांजर. त्याच्या कानांच्या टोकाला काळ्या केसांचे झुपके असतात आणि तो राजस्थानात, कच्छात अजून तग धरून आहे. सर्व्हलच्या कानांना झुपका नसतो. ते मोठे, गोलसर असतात, मागून काळे आणि मध्ये पांढरा पट्टा. आपल्याकडे हा प्राणीच नाही, तर जुनं नाव कुठून मिळणार? सर्व्हलच ठेवा.

माळरान : 'दबा' खटकतोय ते बरोबरच आहे. दबा धरणारा एका जागी लपून सावज जवळ यायची वाट बघतो. सर्व्हल गवतातून हळूहळू चालत राहतो, मध्येच थबकतो आणि कानोसा घेतो, कधी कधी तर डोळे मिटून. गवताखाली उंदीर दिसत नाही, खसफस ऐकू येते. वारा सुटला की ऐकू येणं अवघड, मग शिकारही अवघड. तुम्हाला हवा तो शब्द 'कानोसा'. आपण तो दाराआड उभ्या माणसासाठी वापरतो, पण इथे तो शब्दशः लागू आहे.

झेपेचंही तसंच. झेप म्हटली की लांब पल्ला डोळ्यांसमोर येतो. हा आधी सरळ वर उसळतो आणि पुढचे दोन्ही पंजे एकदम सावजावर आणतो. 'उसळी मारून झडप घालतो' असं लिहा. उडणारा पक्षी पकडतानाची उसळी दोन मीटरपेक्षाही उंच जाते. शरीराच्या मानाने इतके लांब पाय दुसऱ्या कुठल्याच मांजराला नाहीत.

बोरू : नावाचं थोडं अवांतर. पोर्तुगीजमधला 'लोबो-सेर्व्हाल' म्हणजे लिंक्स हे रानटी मांजर, शब्दशः हरणं मारणारा लांडगा. अठराव्या शतकात ब्युफाँ या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने लिहून ठेवलं की मलबारात ज्याला 'मरापुते' म्हणतात त्याला भारतातले पोर्तुगीज 'सर्व्हल' म्हणतात. पुढे श्रेबर या जर्मन निसर्गअभ्यासकाने 1776 साली हेच नाव शास्त्रीय नावात घेतलं आणि ते चिकटलं आफ्रिकेतल्या मांजराला! हरणं मारणाऱ्याचं नाव, आणि खातो मुख्यतः उंदीर.

प्राजक्ता : मग असं करते : 'सर्व्हल थबकतो, कानोसा घेतो आणि उसळी मारून बेसावध उंदरावर झडप घालतो.'

माळरान : 'बेसावध' काढा. उंदीर सावध असला तरी कुरतडताना आवाज करतोच, आणि सर्व्हलला तेवढा पुरतो. शिवाय दर झडपेला उंदीर मिळतोच असं नाही. टांझानियातल्या एन्गोरोन्गोरोतल्या अभ्यासात साधारण निम्म्याच झडपा यशस्वी ठरल्या होत्या. मांजरांच्या मानाने हेही भरपूर, पण तुमच्या चित्रफितीत उंदीर निसटला असेल तर 'झडप घालतो'च्या पुढे 'आणि पकडतो' जोडू नका.