मदत हवी आहे: शेण, कत्तलखान्यातले रक्त आणि पोटातला चारा यांचे खत करताना अमोनियाचा वास थांबत नाही

नमस्कार मंडळी,

शेण आणि लेंड्यांचे कंपोस्ट मला व्यवस्थित जमते. या वेळी पहिल्यांदाच त्यात कत्तलखान्यातून मिळालेले रक्त आणि जनावरांच्या पोटातला अर्धवट पचलेला चारा मिसळला. चारा छान कुजतोय, त्याची काहीच तक्रार नाही. अडचण रक्ताची आहे.

ढीग दीड मीटर उंच आहे. तिसऱ्या दिवशी आतले तापमान ६२ अंशांवर गेले, पण तेव्हापासून डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास येतोय आणि माश्याही वाढल्यात. माझ्या समजुतीप्रमाणे रक्तात नत्र फार आणि कार्बन अगदी कमी, त्यामुळे कार्बन-नत्राचे गुणोत्तर नीट कुजायला हव्या असलेल्या २५ ते ३० च्या बरेच खाली गेले असणार. म्हणजे जे नत्र पिकाला मिळायला हवे तेच अमोनिया होऊन हवेत उडून चाललेय, याचे फार वाईट वाटते.

लाकडाचा भुसा आहे, कोरडा पालाही आहे. आता ढीग उलथून त्यात भुसा मिसळू, की वरून फक्त जाड थर देऊ? उलथताना उरलेला अमोनियाही जाईल अशी भीती वाटते. पण रोगजंतू मरायला उघड्या ढिगाचे तापमान १५ दिवस ५५ अंशांच्या वर राहावे आणि तेवढ्यात पाच वेळा तरी उलथावे, असा नियम आहे. हे दोन्ही कसे सांभाळता?

रक्त थेट ओतण्याऐवजी आधी भुशात मुरवून घेणारे कुणी असेल तर प्रमाण नक्की सांगा.