मदत हवी आहे: बिअरच्या बाटल्यांवरची छापील लेबलं निघत नाहीयेत

फसफस
होमब्रूसाठी, म्हणजे घरी बनवलेली बिअर भरायला, ३३० मिलीच्या रिकाम्या बाटल्या जमवल्या आहेत. कागदी लेबलवाल्या बाटल्या धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर ठेवल्या, लेबलं आपसूक सुटली. पण २४ बाटल्यांवर लेबल चिकटवलेलं नाही, थेट काचेवर छापलेलं आहे. पांढरा आणि पिवळा रंग, बोट फिरवलं की किंचित उंचवटा लागतो. सोड्याला दाद नाही. ऍसिटोनच्या बोळ्याने पुसलं तर बोळा स्वच्छच राहतो. ब्लेडच्या टोकाने खरवडलं की पांढऱ्या रंगावर काळपट रेघ उमटते, रंग मात्र जागचा हलत नाही.

आता कास्टिक सोडा वापरू, की ड्रिलला पॉलिश पेपर लावून घासू? ओव्हनमध्ये तापवून काही होईल का? बाटल्या सगळ्या तपकिरी, नेहमीचं बूच बसेल अशा २६ मिमी तोंडाच्या आहेत, त्यामुळे टाकवत नाहीत.

माल्टेश
तिन्ही नको. ब्लेडची काळी रेघ म्हणजे पात्याचं स्टील झिजून रंगावर बसलंय, म्हणजे ही शाई नव्हे, मुलामा आहे. काचेची बारीक पूड आणि रंगद्रव्य एकत्र करून छापतात आणि साधारण ६०० अंश सेल्सियसला भाजतात. छपाई बाटलीच्या काचेत वितळून बसते. घरचा ओव्हन २५० अंशांपर्यंत जातो, त्याने या छपाईचं काहीही बिघडत नाही.

सोड्याने न निघण्याचं कारणही तेच. ही पद्धत १९३० च्या दशकात परत घेतल्या जाणाऱ्या बाटल्यांसाठी रूढ झाली. त्या बाटल्या कारखान्यात पुन्हा पुन्हा गरम कास्टिकने धुतल्या जातात आणि छपाई तशीच राहावी लागते. ज्याला तोंड द्यायलाच ती बनवली आहे, त्यानेच ती काढायची म्हटली तर कशी निघणार?

तिचं दुखणं उलट बाजूला आहे. बाटलीची काच आम्लाला चांगली टिकते आणि अल्कलीने हळूहळू झिजते. मुलाम्यातली काच कमी तापमानाला वितळावी म्हणून वेगळ्या घडणीची असते, जुन्या प्रकारांत त्यात शिसं असतं, आणि ती आम्लापुढे नरमते. म्हणून कागदाला सोडा आणि भाजलेल्या छपाईला आम्ल.

झाकण
माल्टेश यांना +१. होमब्रूवाल्यांकडे स्टार सॅन हे जंतुनाशक असतंच. त्यात फॉस्फोरिक आम्ल आहे, तेच इथे कामाला येतं. कृती अशी:

१. आधी प्रत्येक बाटली साध्या पाण्याने काठोकाठ भरा आणि जुनं बूच घट्ट बसवा. बाटली तरंगत नाही आणि बादलीतलं पाणी आत जात नाही. ही पायरी गाळू नका.

२. २० लिटरची प्लॅस्टिकची बादली घ्या. पत्र्याची किंवा ॲल्युमिनियमची चालणार नाही, आम्ल धातूला लागतं. आधी पाणी, मग स्टार सॅन. जंतुनाशक म्हणून आपण १९ लिटरला ३० मिली घेतो, म्हणजे लिटरला दीड मिलीच्या आसपास. इथे लिटरला ५ मिली घ्या. बाटल्या उभ्या ठेवल्यावर १२ लिटर पाणी लागलं तर ६० मिली झालं. जोरात ओतलं तर फेस बादलीबाहेर येतो, हे वेगळं सांगायला नको.

३. छपाई पूर्ण बुडली पाहिजे. बुडालेला भाग निघतो आणि वरची पट्टी राहते, मग ती पट्टी लेबलापेक्षा जास्त डोळ्यांत खुपते.

४. खोलीच्या तापमानाला २४ तास. मग एक बाटली काढून अंगठ्याने चोळा. रंग खडूसारखा बोटाला लागला तर तयार आहे. नसेल तर परत ठेवा, ४८ ते ७२ तासांपर्यंत थांबायला हरकत नाही.

५. वेगळ्या बादलीत पाण्यात धरून, हातमोजे घालून, सर्वांत बारीक स्टील वूलने गोल न फिरवता एकाच दिशेने घासा.

७२ तासांनंतरही रंग तसाच कडक असेल तर त्या बाटलीचा नाद सोडा. सगळे मुलामे एका घडणीचे नसतात, काही आम्लालाही दाद देत नाहीत.

फसफस
धन्यवाद, एवढं सविस्तर! दोन शंका. व्हिनेगर किंवा सायट्रिक ऍसिड चालेल का? आणि घासायला हिरवी घासणी चालते का, स्टील वूलच कशाला?

माल्टेश
व्हिनेगर चालतं म्हणण्यापेक्षा रेंगाळतं. सायट्रिक त्याहून बरं, लिटरला ५० ग्रॅम घेऊन पाहा, पण वेळ बराच लागेल. कोणी मीठाचं आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक सुचवेल. काम लवकर होतं, पण त्याच्या वाफा घसा आणि आसपासचं लोखंड दोन्ही खातात. बाटलीसाठी एवढा खटाटोप नको. आणि कोणतंही आम्ल असो, ब्लीचच्या जवळपास आणू नका, क्लोरीन वायू सुटतो. बादली आधी ब्लीचने धुतलेली असेल तर नीट खळबळून घ्या.

घासणीचं म्हणाल तर बारीक स्टील वूल काचेपेक्षा मऊ असतं. हिरव्या घासणीत आणि पॉलिश पेपरमध्ये काचेपेक्षा कडक कण असतात, ते चरे पाडतात. चरे नुसते दिसायला वाईट असते तर सोडून दिलं असतं. बाटलीत २.५ व्हॉल्यूम कार्बोनेशन (बिअरच्या अडीचपट आकारमानाचा वायू तिच्यात विरघळलेला) धरलं तर २० अंशांना आत जवळपास २ बार दाब असतो. आतून दाब आला की बाहेरच्या पृष्ठभागावर ताण येतो, आणि तडा चऱ्यापासूनच सुरू होतो. ड्रिलने घासलेली बाटली रिकामी असताना धडधाकट वाटते, प्रायमिंगनंतर (फेसासाठी बाटलीत साखर घातल्यावर) फुटते. म्हणून तो बेत मोडीत काढा.

पिंपातला
सुरक्षेवर कोणी नीट बोललं नाही म्हणून लिहितो. जुन्या छपाईत शिसं आणि पिवळ्या, केशरी, लाल रंगात कॅडमियम असू शकतं. बाटलीवर भाजून बसलेलं असतं तोवर बिअरशी त्याचा संबंध नाही. आम्लात टाकलं की ते पाण्यात उतरतं. म्हणून:

ते पाणी जंतुनाशक म्हणून परत वापरू नका, कितीही स्वच्छ दिसलं तरी. बूच लावण्याचा आग्रहही याचसाठी. स्वयंपाकाचं भांडं, सिंक, भांड्याची घासणी काही वापरू नका. कोरडं घासू नका, धूळ नाकात जाते. उरलेलं पाणी झाडांना किंवा मातीत ओतू नका, घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. बाटलीतलं साधं पाणी काढून आतून नेहमीच्या क्लीनरने धुवा, मग ताज्या द्रावणाने निर्जंतुक करा.

आणि एक आगाऊ प्रश्न: काढायचंच कशाला? छपाई गळ्यावर काठापासून दोन सेंटिमीटरच्या आत, म्हणजे ओठ लागतात तिथे, येत नसेल तर ती तशीच राहिली तरी बिघडत नाही. बुचावर मार्करने बॅचचा नंबर लिहिला की ओळख पटते.

झाकण
पिंपातला, मुद्दा मान्य, पण भेट द्यायच्या बाटलीवर दुसऱ्याचं नाव मिरवायला कोणाला आवडेल! स्वतःसाठी असतील तर मात्र २४ पैकी निम्म्या तशाच ठेवायला माझी ना नाही.

फसफस
पहिल्या चार बाटल्या काढल्या. पांढरा रंग स्टील वूलने सायीसारखा निघाला, पिवळ्याला अजून एक रात्र लागली. पण उजेडात धरलं की अक्षरांची अंधुक छाया दिसते. हे पुसलं जाईल का? आणि सोड्यातून काढलेल्या कागदीवाल्या बाटल्यांवर वाळल्यावर पांढरट पापुद्रा धरला आहे, तो वेगळाच दिसतो.

माल्टेश
छाया जाणार नाही. मुलामा वितळताना खालच्या काचेशी मिसळतो, त्या जागी पृष्ठभाग वेगळा झालेला असतो. ती घासून काढायला गेलात तर वर लिहिलेलेच चरे पडतील. नवीन कागदी लेबल नेमकं त्याच जागी चिकटवा. दुधाने चिकटवलं तर पुढच्या खेपेला कोमट पाण्यात सुटतं.

कागदीवाल्यांवरचा पापुद्रा म्हणजे सोडा आणि जड पाण्यातल्या कॅल्शियमचा क्षार. व्हिनेगर एक भाग, पाणी चार भाग, त्यात अर्धा तास ठेवा आणि धुवा. पुढच्या वेळी बाटल्या सोड्यातून काढल्या की वाळू न देता लगेच धुवा, पापुद्रा धरणारच नाही.

झाकण
पिवळ्याची दुसरी बादली लावणार असाल तर नवं द्रावण करा. पहिलं बरंच वापरलं गेलं असेल, पीएच ३ च्या वर गेलं, म्हणजे आम्लपणा उतरला असेल तर नुसतं भिजवून ठेवल्यासारखं होईल.