मदत हवी आहे: क्रिप्टिक शब्दकोड्यातले रोमन आकडे

नमस्कार मंडळी,

'द हिंदू'मधलं इंग्रजी क्रिप्टिक शब्दकोडं (ज्यात क्लूमध्ये उत्तराचा अर्थ आणि त्याची अक्षरं जुळवायची खूण, दोन्ही दडलेली असतात) मी नेमाने सोडवते. रोमन आकडे आले की मात्र अडते. आय, व्ही, एक्स, एल, सी, डी, एम म्हणजे १, ५, १०, ५०, १००, ५००, १००० हे पाठ आहे. 'फ्युरियस, ५४ शोज पेपर्स (५)' अशा तऱ्हेचा क्लू सुटतो (कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली इंग्रजी अक्षरं). ५४ म्हणजे एल-आय-व्ही, पेपर्स म्हणजे आयडी, उत्तर 'लिव्हिड', म्हणजेच फ्युरियस, संतापलेला.

पण हे दोन बघा:

'व्हॉलंटिअर्स साइड नीडिंग अ कॅब (४)'. कॅबवरून 'टॅक्सी' कळलं, पण बाकीचं कसं जुळतं? आकडा तर कुठेच नाही!

'हाउएव्हर, हंड्रेड फॉर अ फास्टनर (६)'. इथे आकडा आहे, पण सी धरून काहीच बसत नाही. शेवटचं अक्षर एन मिळालंय.

आकडा रोमन घ्यायचा की नाही, हे तुम्ही कसं ठरवता? नुसतं उत्तर नको, विचार सांगा.

प्रतिसाद १

ताई, ही कोडी ब्रिटिश वळणाची. 'साइड' किंवा 'टीम' म्हणजे अकरा खेळाडू, म्हणून एक्स-आय. व्हॉलंटिअर्स म्हणजे टेरिटोरियल आर्मी (ब्रिटनच्या स्वयंसेवी सैन्याचं २०१४ पर्यंतचं नाव), टी-ए. जोडा दोन्ही.

आकडा दिसला की रोमनच, असं नाही. 'थाउजंड' एम असेल, किलोचा के असेल, ग्रँडचा (बोलीत हजार) जी असेल. १० हा आय-ओसारखा दिसतो, म्हणून तसाही वापरतात. आधी काहीच ठरवू नका. व्याख्या, म्हणजे उत्तराचा सरळ अर्थ सांगणारा भाग, क्लूच्या सुरुवातीला किंवा शेवटी असते, ती पकडा आणि मिळालेल्या अक्षरांवर एकेक पर्याय लावून बघा. तुमच्या हंड्रेडसाठी क्रिकेटमधलं शतक आठवा.

प्रतिसाद २

एक भर घालतो. ९९ शुद्ध रोमनमध्ये एक्स-सी-आय-एक्स, पण काही रचनाकार आय-सी धरतात. मला ते अजिबात पटत नाही, तरी तयारी ठेवा. अमेरिकन कोड्यांत सरळ गणितच घालतात: 'हाफ ऑफ एम-सी-आय-आय (३)'. ११०२ चे निम्मे ५५१, उत्तर डी-एल-आय. तिथे अर्थपूर्ण शब्द शोधत बसू नका.

धागाकर्ती

शतक म्हणजे 'टन'! हाउएव्हर म्हणजे 'बट'. बट अधिक टन, 'बटन'. फास्टनरही जुळलं आणि शेवटचा एनही. दोघांचे मनापासून आभार.