प्रतिमा की प्रतीक? 'द ग्रेट गॅट्सबी'मधला हिरवा दिवा

प्रश्न : फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' (१९२५) ही कादंबरी वाचतेय. गॅट्सबी जिच्यावर प्रेम करतो त्या डेझीच्या घरापुढच्या, बोटींच्या धक्क्यावरच्या हिरव्या दिव्याला मराठीत प्रतिमा म्हणायचं की प्रतीक? समीक्षेत दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. आणि हिरवा म्हणजे डॉलर, असं एका गाइडमध्ये दिलंय ते बरोबर आहे का?

उत्तर १ : दोन्ही, पण वेगवेगळ्या ठिकाणी. प्रतिमा म्हणजे शब्दांतून डोळ्यांसमोर उभं राहणारं चित्र, प्रतीक म्हणजे स्वतःपलीकडचं काही सुचवणारी वस्तू. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी निकला, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याला, गॅट्सबी रात्री पाण्याकडे हात पसरून थरथरत उभा दिसतो आणि खाडीपलीकडे एकच बारीकसा हिरवा दिवा, बास, तो कुणाचा काय आपल्याला काही माहीत नसतं, तोवर ती नुसती प्रतिमा. पुढे डेझीची मैत्रीण जॉर्डन सांगते की त्याने ते घर घेतलंच मुळी डेझी समोरच्या काठावर राहते म्हणून, तिथे त्या दिव्याचं प्रतीक होतं. आणि मला सगळ्यात आवडणारी जागा पाचव्या प्रकरणात आहे : डेझी प्रत्यक्ष शेजारी उभी, बाहेर पाऊस नि धुकं, गॅट्सबी तिला म्हणतो तुझ्या धक्क्यावर रात्रभर हिरवा दिवा असतो, तिने त्याच्या हातात हात घातलाय, आणि निकच्या लक्षात येतं की तो दिवा आता परत साधा दिवा झाला, ती जवळ आली नि त्याचं काम संपलं. प्रतीक लेखकाने चिकटवलेलं लेबल नसतं, ते कुणाच्या तरी ओढीवर जगतं, हे इतकं स्वच्छ मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

उत्तर २ : डोळ्यांच्या डॉक्टरची ती जाहिरात पण तशीच ना? राखेच्या दरीवरचा रंग उडालेला बोर्ड, निळे डोळे, पिवळा चष्मा, नाक नाहीच. बायको मर्टल मेल्यावर विल्सन त्याच डोळ्यांकडे बघत म्हणतो देव सगळं बघतो, आणि शेजारचा मायकेलिस सांगतो अहो ती जाहिरात आहे. म्हणजे प्रतीक विल्सनपुरतं. ती दरीसुद्धा हवेतून आलेली नाही, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये कोरोना नावाच्या भागात खरंच राखेचे डोंगर होते, १९३९चं जागतिक प्रदर्शन भरलं ते तिथेच.

उत्तर १ : अगदी! डॉलरचं मला नाही पटत. पैशाचा रंग या कादंबरीत पिवळा-सोनेरी आहे, गॅट्सबीची गाडी बघा. हिरवा शेवटच्या पानावर परत येतो तो डच खलाशांना पहिल्यांदा दिसलेल्या नव्या भूमीचा रंग म्हणून, नोटांचा तिथे काही संबंध नाही. आणि डेझीचा आवाज पैशाने भरलाय असं गॅट्सबी म्हणतो ना, ते प्रतीक नाही हं, ते रूपक, म्हणजे एक गोष्ट सरळ दुसरीच्या रूपात सांगणं, तिथे तो थेट बोलूनच टाकतो.

प्रश्नकर्ती : मग गॅट्सबीच्या कपाटातले शर्ट? डेझी त्यांत तोंड खुपसून रडते ते?

उत्तर १ : मी प्रतिमाच म्हणेन. ती का रडते ते लेखक सांगत नाही, शर्ट फार सुंदर आहेत एवढंच ती म्हणते, त्यामुळे एक ठाम अर्थ लावायची घाई करू नका, तो परिच्छेद आधी सावकाश पुन्हा वाचा.