वाचनालयाच्या प्रणालीसाठी पोस्टग्रेसच्या कोणत्या आवृत्त्या अधिकृत मानाव्यात?

प्रश्न

नमस्कार. आम्ही चौघे मिळून सार्वजनिक वाचनालयांसाठी एक मुक्तस्रोत प्रणाली सांभाळतो. दाखल नोंदवही, सभासद आणि पुस्तकांची देवघेव एवढे तिचे काम असून ती जँगो (पायथॉनमधील वेब चौकट) आणि पोस्टग्रेस (माहिती साठवणारा डेटाबेस) यांवर चालते. माहितीपत्रकात आम्ही आजवर ‘पोस्टग्रेस १० किंवा त्यापुढील’ असे लिहीत आलो, मात्र १० वर ती खरोखर चालते का, हे गेल्या कित्येक वर्षांत कोणी तपासलेले नाही.

आता अडचण अशी आहे की ज्या वाचनालयाला शाखा नाहीत तिथे शाखेचा रकाना नल, म्हणजे रिकामा, राहतो, आणि पोस्टग्रेस दोन नल एकसारखे मानत नसल्यामुळे शाखा व दाखल क्रमांक या जोडीवर युनिक (दुबार नोंद न चालणारे) बंधन असूनही एका ठिकाणी दोन पुस्तकांना एकच दाखल क्रमांक पडला. पोस्टग्रेस १५ मध्ये आलेल्या ‘नल्स नॉट डिस्टिंक्ट’ने (दोन नल एकसारखे मानण्याच्या पर्यायाने) हे सुटते, म्हणून किमान आवृत्ती १५ करावी असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. पण बरीच वाचनालये उबुंटू (लिनक्स) २२.०४ वर, म्हणजे त्यासोबत आलेल्या पोस्टग्रेस १४ वर आहेत, आणि काही अजून २०.०४ सोबत आलेल्या १२ वर आहेत. सर्व्हर ग्रंथपालच सांभाळतात. किमान आवृत्ती कोणती ठरवावी?

पहिले उत्तर

एका सोयीसाठी किमान आवृत्ती वाढवू नका, विशेषतः ती सोय दुसऱ्या मार्गाने मिळत असेल तर. आहे ते युनिक बंधन ठेवा आणि ‘शाखा नल आहे’ अशी अट घालून फक्त दाखल क्रमांकावर दुसरा युनिक इंडेक्स (शोधासाठीची सूची, जी दुबार नोंदही अडवते) करा. असा अंशतः, म्हणजे अटीत बसणाऱ्या ओळींपुरताच, इंडेक्स जुन्या आवृत्त्यांतही चालतो. आधी दुबार क्रमांक शोधून दुरुस्त करावे लागतील, नाहीतर इंडेक्स तयारच होणार नाही.

किमान आवृत्तीचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि त्याचे उत्तर बरेचसे आधीच ठरलेले आहे. पोस्टग्रेसची प्रत्येक मुख्य आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते. १२ ची मुदत नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि १३ ची नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली, तर १४ ची नोव्हेंबर २०२६ मध्ये संपते. मूळ प्रकल्प ज्या आवृत्तीतील सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त करत नाही, तिची हमी चार स्वयंसेवकांनी देणे सभासदांच्या पत्त्यांच्या आणि फोन क्रमांकांच्या दृष्टीने मला योग्य वाटत नाही. शिवाय जँगो ५.२ ला किमान १४ लागते. म्हणून १४ ते १८ असे जाहीर करा, आणि प्रत्येक बदलावर निदान १४ व १८ या दोन टोकांवर तरी चाचण्या चालवा. ज्या आवृत्तीवर चाचणी होत नाही तिला ‘कदाचित चालेल’ म्हणा, अधिकृत म्हणू नका. ग्रंथपाल त्या एका शब्दावर विसंबून निर्णय घेतात.

दुसरे उत्तर

वरील मताशी मी सहमत आहे, पण आवृत्ती बदलायला सांगताना ती बदलायची कशी हेही लिहून द्यावे, असा माझा आग्रह आहे. मी एका संस्थेचा सर्व्हर उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर नेला आणि पोस्टग्रेसचे जुनेच डेटा फोल्डर पुढे चालू ठेवले. दुसऱ्या दिवशी एका सभासदाचे नाव यादीत डोळ्यांना दिसत होते, पण शोधले की सापडत नव्हते. कारण असे निघाले की ग्लिबसी या लिनक्सच्या मूलभूत लायब्ररीच्या २.२८ मध्ये मजकुराचा वर्णक्रम बदलला होता आणि आमचे इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेले होते. रीइंडेक्स केल्यावर (इंडेक्स नव्याने बांधल्यावर) सर्व सुरळीत झाले, पण तोवर दोन सभासदांची दुबार नोंदणी झाली होती. डेटा डंप करून (फाइलमध्ये उतरवून) नव्या सर्व्हरवर भरला असता तर इंडेक्स नव्याने बांधले गेले असते. तुमच्या आकाराच्या डेटाबेससाठी तीच पद्धत सांगा.

दुसरी गोष्ट, पोस्टग्रेस १५ पासून पब्लिक स्कीमामध्ये (डेटाबेसमधील टेबलांच्या मूळ कप्प्यात) टेबल बनवण्याची परवानगी सर्वांना आपोआप मिळत नाही. जुना डेटाबेस नव्या आवृत्तीवर नेला तर जुन्या परवानग्या सहसा टिकतात, कोऱ्या डेटाबेसमध्ये मात्र प्रणालीचा वापरकर्ता डेटाबेसचा मालक नसेल तर पहिलेच मायग्रेशन (टेबले बनवण्या-बदलण्याची पायरी) अडते. म्हणून चाचणी दोन्ही प्रकारे घ्या.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. अंशतः इंडेक्स १४ वर करून पाहिला, दुबार क्रमांक लगेच अडवला गेला. आमच्या प्रणालीच्या पुढच्या मुख्य आवृत्तीपासून किमान पोस्टग्रेस १४ ठेवत आहोत. पोस्टग्रेस १२ वरील वाचनालयांसाठी प्रणालीच्या सध्याच्या आवृत्तीत एक वर्ष फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या देऊ, आणि डंप घेण्यापासून तो परत भरून पुस्तकांची संख्या जुळवण्यापर्यंतच्या पायऱ्या मराठीत चित्रांसह लिहू. शिवाय मायग्रेशन सुरू होण्याआधी प्रणाली सर्व्हरचा आवृत्ती क्रमांक विचारेल आणि तो १४०००० (म्हणजे आवृत्ती १४) पेक्षा कमी असल्यास कशालाही हात न लावता थांबेल. त्या संदेशात ग्रंथपालांना नेमके काय सांगावे, याचा मसुदा उद्या इथे टाकतो. कृपया वाचून पाहावा.