प्रति: कुर्लीचे जबडे कसे चालतात?

तुम्ही लिहिलंय की कुर्ली, म्हणजे खेकडा, आपल्यासारखीच वर-खाली चावते. तसं नाही. तिचे जबडे आडवे, डावी-उजवीकडून एकमेकांवर मिटतात. ते मिटवणारे स्नायू अन्ननलिकेखालच्या चेतापेशींच्या गुच्छातून चालतात. आपल्या एका स्नायूला शेकडो चेतापेशी लागतात, कुर्लीच्या स्नायूला मोजक्याच. त्यामुळे जोर वाढवायचा तर जास्त पेशी कामाला लावण्यापेक्षा त्याच पेशी झपाझप संदेश पाठवतात. हे मला फार सुंदर वाटतं.

आणि खरं चर्वण तर पुढे पोटात! खाजनातल्या (खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतातल्या) मानशीवर, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारावर, धरलेली कुर्ली घरी साफ करताना पाठीचं कवच उघडून बघा. डोळ्यांच्या मागे पातळ पिशवी असते, आपण ती काढून टाकतो. टाकण्याआधी चिरा. आत तीन कडक दात दिसतील, मधे एक, बाजूंना दोन. खेकडे आणि शेवंडांमध्ये (लॉबस्टरमध्ये) हे दात हलवणाऱ्या वेगळ्या गुच्छात जेमतेम तीसेक चेतापेशी असतात. तो शरीराबाहेर काढून ठेवला तरी लयीत संदेश देत राहतो. चेतासंस्थेच्या अभ्यासक ईव्ह मार्डर यांनी अनेक दशकं याच एवढ्याशा गुच्छावर काम केलंय.